मी ‘नाही’ लिहिलं आणि वसंता जेवायला आला

माझा मित्र वसंता गेल्याचं बाबांना सांगितलं तेव्हा ते हिंगणघाटच्या घरी ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांचा हात थांबला. “माह्याआधी कसा गेला तो?” एवढंच म्हणाले... आणि सोललेले दाणे तसेच ठेवून आत गेले. तास संपवून खुर्चीत बसलेल्या वसंताला हृदयाने दगा दिला, त्याला आता पाच आठवडे झाले. बाबा अजून आहेत ते त्याच्यामुळे. त्यात माझा वाटा किती लाजिरवाणा होता, हे आज लिहून टाकतो.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघे वर्ध्याच्या एका कॉलेजात जीवरसायन शिकवायला लागलो. वसंताने ध्यास घेतला तो आमच्याच भागातल्या दुखण्याचा. धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट आवळलं की कमरेची कातडी घासते, काळी पडते, चिघळते, आणि एखाद्याला तिथेच कर्करोग होतो. डॉक्टर घर्षणाशी थांबत. वसंता विचारायचा, घासलं सगळ्यांचं, मग एकाचीच पेशी काऊन बिघडते? ऐंशीनंतर महिनोन्‌महिने उशिरा येणाऱ्या जर्नलांत पेशीवरच्या ग्राहकांबद्दल, म्हणजे रिसेप्टरांबद्दल, काही आलं की तो कॅन्टीनमध्ये माझा चहा थंड होईपर्यंत बोलायचा. मी म्हणायचो, “वर्ध्यात बसून तू काय सिद्ध करशील?” तो म्हणायचा, “सिद्ध नाई करत बे. समजून घेऊन राह्यलो.”

पंच्याऐंशी साली एकदा त्याने कॉलेजातल्या सगळ्यांना एकेक कागद वाटला. घरात धोतर नेसणाऱ्या कोणाच्या कमरेवर चट्टा किंवा जखम आहे का, पाहून लिहा. माझे बाबा तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलत आलेले. वजन उचलताना कंबर धरून राहते म्हणून तिथले सगळेच हमाल धोतर करकचून आवळत. बाबांच्या धोतरावर एकाच जागी हळदीचा डाग असायचा, तो मी पाहिला होता. पण बापाला कंबर दाखवा म्हणायची मला लाज वाटली. न पाहताच मी ‘नाही’ लिहिलं.

महिनाभराने वसंता म्हणाला, हिंगणघाटला येतो, काकाजींसोबत जेवायचं आहे. जेवण झाल्यावर त्याने सरळ विषय काढला.

“काकाजी, कंबर दाखवा.”

“काऊन? पोरगी पाहाले आला का?”

“पोरगी पाहाची असती तर तोंड पाह्यलं असतं.”

बाबा हसले आणि त्यांनी धोतर सैल केलं. उजव्या बाजूला हळदीखाली फुलकोबीसारखं मांस वर आलं होतं. मी नजर वळवली. वसंताचा आवाज मात्र हलला नाही. “पेशीच्या अंगावर कान असतात, काकाजी. जखम झाली की ‘वाढा’ असा सांगावा येते. कान ऐकतात, आत कळवतात. जखम भरली की सांगावा बंद. तुमची जखम रोजचीच, मंग सांगावाही रोजचा. असं ऐकता ऐकता एखादा कान बिघडते. सांगावा नसतानाही पेशी वाढतच राह्यते.”

“आमचा बुढा बहिरा झालता, तसाच,” बाबा म्हणाले. “कोनी हाक नाई मारली तरी ‘आलो, आलो’ करत उठे.”

वसंता टाळी देऊन हसला. “आता त्याले बसवाचं आहे. उद्याच वर्ध्याले चला.”

कर्करोगच निघाला, पण जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला नव्हता. ऑपरेशन झालं, मांडीची कातडी काढून कमरेला लावली. आठव्या दिवशी बाबांनी झुणका-भाकर मागितली, तेव्हा वॉर्डाबाहेर मी वसंताला कागदाचं खरं सांगितलं. तो म्हणाला, “मले तेव्हाच कळलं होतं. बाप जिनिंगचा हमाल, आणि तू बेधडक ‘नाही’ लिहितो? म्हणून तर जेवाले आलो.”

ते वाक्य मला अजून टोचतं... आणि त्याच वाक्याने वसंताने मला जिंकलं, हेही खरं. ऑपरेशनला चार वर्षं झाली, बाबा ठणठणीत आहेत. परवा मी त्यांच्यासोबत जिनिंगच्या फाटकाशी गेलो होतो. हमालांना हटकायची त्यांची आता सवयच झाली आहे. धोतर आवळणाऱ्या एका नव्या माणसाच्या कमरेत त्यांनी दोन बोटं घातली.

“ढिलं नेस. वसंतानं सांगतलं आहे.”

“कोन वसंता?”

बाबांनी सदरा वर केला आणि कमरेवरचा वीतभर व्रण त्याच्यापुढे धरला.

“हा.”