समोर कुणीतरी आहे

सकाळी मैदानावर मीना धावताना दिसली आणि मी जागीच थांबलो. मीनाला डोळ्यांनी दिसत नाही. दोन वर्षं मी तिच्यासोबत धावलो. दोघांच्या मनगटांना एकच दोरी असायची आणि वळण आलं की मी "आता डावीकडे" म्हणायचो. मग मलाच कंटाळा येऊ लागला. गुडघा दुखतोय, घरी पाहुणे आलेत, अशी कारणं मी फोनवर सांगत गेलो. "असू दे दादा, उद्या जाऊ," ती म्हणायची. पुढे तिने फोन करणंच सोडलं.

आज ती एकटी होती. कमरेला काळा पट्टा होता. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला तो थरथरतो आणि समोर कुणी आलं की मधोमध, असं तिच्या भावाने मला मागे सांगितलं होतं. तेव्हा खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

धावत ती माझ्याच दिशेने आली आणि चार पावलांवर थबकली.

"कोण आहे?"

नाव ओठांवर आलं होतं. समोर माणूस आहे, एवढं पट्ट्याने तिला सांगितलंच होतं. कोण आहे, ते सांगायचं काम माझं होतं. पण तिला दिसत नाही याचा मी फायदा घेतला आणि आवाज न करता बाजूला झालो.

"सॉरी हं, मी तुमच्या वाटेत आले," ती हसून म्हणाली आणि पुन्हा धावू लागली.