हाड म्हटलं की येणारा राजा

कडूबाचं अन् आमचं अंगण शेजारी शेजारी, मधात नुसता कूड. त्यामुळे त्यांचं भांडण ऐकाले मले कान द्यावा लागत नव्हता, ते आपोआपच घरात येई. सहा-सात वर्षांखालचं एक भांडण तं मले अजून पाठ आहे.

"अवो, कुत्र्याच्या पिल्लाले हाड म्हणता अन् वरून भाकर टाकता! हे कोणतं हाकलणं?" ही विमलबाई, कडूबाची बायको.

"तोंडानं हाकलतो. हातानं होतच नाही, तं काय करू?"

"मंग तोंड बंद ठेवा!"

"हाड!"

हे पिल्लाले होतं का बायकोले, ते कुडातून दिसलं नाही.

कडूबा असाच. आमच्या सोनाळा गावात एका म्हशीचं दूध घरोघर घाले. मिशा मोठ्या, आवाज मिशांहून मोठा. ज्याच्यावर जीव, त्याच्यावर खेकसणार. म्हशीले शिव्या देत देत थंडीत तिच्या अंगावर आपलंच घोंगडं टाके.

पिल्लू राहिलं. विमलबाईनं नाव ठेवलं राजा. वासराएवढा झाला, अन् मंग त्याची खोड दिसली. कोणी "हाड" म्हटलं की पळत येऊन छातीवर दोन पाय! आता अंगावर कुत्रं आलं तं माणूस दुसरं काय म्हणते? जितकं भेव, तितकं जोरात हाड. जितकं जोरात हाड, तितका राजाले आनंद.

दुधाचं जुनं गिऱ्हाईक वामनराव एकदा कडक इस्त्रीचं धोतर नेसून लग्नाले निघाले. राजा दिसला. हाड म्हणाले. राजानं त्याईले चिखलात बसवलं अन् सारं तोंड चाटून काढलं.

"कडूबा, पंधरा दिवसांत हे सुधरलं नाही तं गाडीत टाकून मलकापूरले सोडून देतो!"

त्या दिवशी कडूबा कोणावरच ओरडला नाही. म्हशीवरही नाही. माणूस खचला, हे मले तेव्हाच समजलं.

दुसऱ्या दिवशी म्हशीले सुई द्याले रुपाली आली, जनावराची डॉक्टरीण. कडूबानं तिले राजाची खोड सांगितली. "बाबा, हा चावरा नाही. तुम्ही याले काय शिकवलं?"

"काहीच नाही वं बाई."

मी कुडावरून म्हटलं, "काहीच कसं नाही? हाड म्हणून भाकर कोण टाके?"

रुपाली हसून हसून खालीच बसली. "अवो आजी, म्हणजे हाड हे त्याच्या जेवणाचं बोलावणं आहे!"

तिनं उपाय सांगितला. हाड बंद. उडी मारली की पाठ फिरवायची, बोलायचं नाही. खाली बसला की लगेच भाकरीचा तुकडा, अन् त्या बसण्याले एक नवा शब्द. कडूबाच्या तोंडात गोड शब्द एकच होता, पाहुण्याचा: "या, बसा."

पहिले चार दिवस राजानं दुप्पट उड्या मारल्या. उडी फुकट चालली की कुत्रं आधी जास्तच जोर करते, हे रुपाली सांगून गेलीच होती. कडूबा पाठ फिरवे, राजा समोर येई, कडूबा परत फिरे. आम्ही बाया हा भोवरा पाहाले कामं टाकून येऊ. आठव्या दिवशी राजा बसला.

"चाळीस वर्षं झाली संसाराले," विमलबाई म्हणे, "मले एकदाही या, बसा म्हटलं नाही!"

कडूबाच्या तोंडात 'हा' आला. 'ड' त्यानं गिळला.

पंधराव्या दिवशी वामनराव काठी घेऊन आले. राजा दिसला अन् सवयीनं ओरडले, "हाड!" राजाचे पुढचे पाय उचलले गेले. कडूबानं डोळेच मिटले.

मी ओरडली, "वामनराव, इज्जतीनं बोला नं, पाहुण्याले बोलता तसं!"

"या... या, बसा," वामनराव पुटपुटले. राजा मटकन बसला. गल्ली अशी हसली की काठी कुठं पडली हे त्याईलेच समजलं नाही.

तेव्हापासून सारं गाव त्या कुत्र्याले अहो-जाहो करते. माझा जावई आला तेव्हाही "या, बसा" म्हटल्यावर आधी राजाच बसला.

मागच्या पौषात कडूबा झोपेतच गेला, कोणाले तरास न देता. त्याच्या आदल्या सांजेले तो नेहमीसारखा दुधाची बरणी घेऊन वामनरावाच्या दारात गेला, मागं राजा.

"या, बसा," वामनराव म्हणाले.

आधी राजा बसला. मंग कडूबानं दूध मापलं, वरून थोडं जास्तीचं टाकलं, अन् तोही बसला.