दामूअण्णांच्या जागी आलेला माणूस

कट्ट्यावरच्या मंडळींनो, एक गंभीर तक्रार नोंदवून घ्या. सात वर्षं रोज पाहतो त्या विनोदी मालिकेतले दामूअण्णा आज कसलीही पूर्वसूचना न देता दुसराच माणूस झाले. चष्मा तोच, बंडी तीच, चेहरा नवा. मालिकेतली बायको त्याला नेहमीसारखीच चहावरून टोमणे मारते आणि त्या घरात कुणाला काही वाटत नाही!

व्याकरणात याला 'आदेश' म्हणतात. एका अक्षराच्या जागी दुसरं येतं आणि पहिल्याची सगळी कामं करू लागतं. अंबडच्या शाळेत मी हे पंचवीस वर्षं शिकवतोय, पण आज डोळ्यांनी पाहताना गोंधळलो.

आमच्या सौ. म्हणाल्या, "आवं, बरा दिसून राह्यला की हा. तुमच्या काहून पोटात दुखून राह्यलं?"

तेवढ्यात सहा वर्षांच्या नातीनं विचारलं, "आजोबा, हे दुसरेच हायेत. मंग ती पोरगी त्यांना बाबा कसं म्हणती?"

"तिला तसं बोलायला लिहून देतात, बाई."

"मंग मला बी लिहून देणार का?"

सौ.नी उठून टीव्ही बंद केला.

माझा मुलगा जाऊन तीन वर्षं झाली. सूनबाईचं दुसरं लग्न आम्हीच जमवलंय, पुढच्या महिन्यात आहे. परतूरचा माणूस, खरोखर भला. नातीला काय उत्तर द्यावं, सुचलं तर कळवा.

ती त्याला बाबा म्हणेल की नाही, याची मला काळजी नाही. म्हणेल. ते ऐकून मला आनंद होईल का, हेच कळत नाहीये.