न्हाणीत तापवलेला ॲम्प्लिफायर

आमच्या घरात पणजोबांचं घुमट आहे, आरतीला वाजवायचं मडक्याचं वाद्य. मी लग्न होऊन पेडण्याला आले त्या पहिल्याच चवथीला ते गणपतीसमोरून उचलायला गेले, तर नवऱ्याने दम भरला, "सांभाळून हं, पणजोबांचं आहे!" मी डिचोलीची. मातीच्या भांड्याचं कौतुक मला कोणी सांगू नये. मी ते उलटं केलं, बोट फिरवून बघितलं आणि म्हटलं, "हे मडकं आमच्याकडच्या कुंभाराचं, आणि पणजोबांच्या काळातलं तर मुळीच नाही." मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. मडकं किती वेळा फुटलं ते कोणाला आठवत नव्हतं. तोंडावरचं कातडं पूर्वी घोरपडीचं असायचं, आता बकऱ्याचं, तेही सैल झालं की बदलायचं. दोरी बाजारातली. पणजोबांचं त्यात नेमकं काय उरलंय, असं विचारलं तर सासरे हसले आणि म्हणाले, "वाजता मगे?"

वाजत होतं, हे खरं. म्हणून मी ते सांभाळून उचललं.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. आरतीला घुमट वाजवावं तर त्यांनी, असं वाड्यावरचे सगळे शेजारी म्हणायचे, आणि त्यांनाही ते पाठ होतं. पुढे त्यांचे कान गेले. कानातलं यंत्र आणलं, ते शिट्ट्या मारायचं. बाबांनी ते काढून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं, अजून तिथेच आहे. कान नसले तरी हात आहेत म्हणून ते वाजवत राहिले. मग एका चवथीला आरती संपली, मंडळी थांबली, आणि बाबा डोळे मिटून वाजवतच राहिले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कोणीतरी हळूच त्यांच्या खांद्याला हात लावला. बाबांनी डोळे उघडले, सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि घुमट खाली ठेवलं. पुढच्या वर्षी घुमट खुंटीवर आणि बाबा आतल्या खोलीत.

त्याच सुमारास नवऱ्याने ॲम्प्लिफायर आणला. नवरा वीज खात्यात कारकून आहे आणि मनाने गिटारवाला आहे. सीझनमध्ये मांद्रे-मोरजीकडे मित्रांच्या हॉटेलात वाजवतो. हा ॲम्प्लिफायर म्हणे साधासुधा नव्हता, अर्धा जुना आणि अर्धा नवा होता. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह, आणि त्यांच्या डोक्यावर कॉम्प्युटर. "जुन्याचा जीव आणि नव्याचा मेंदू," तो म्हणाला. त्यात आवाजाचे ढीगभर प्रकार, ते मोबाइलवरच्या ॲपमधून निवडायचे. शिवाय एक भारी सोय: वाजवणं थांबलं की खोकं एकदम चिडीचूप, सूं नाही की घूं नाही. दुकानदाराने सांगितलं होतं, आयुष्यभराची वस्तू आहे. कोणाच्या आयुष्याची, ते विचारायचं राहून गेलं.

पहिल्या दिवशी घरातले सगळे भोवती बसलो. नवऱ्याने बटण दाबलं आणि गिटार मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. बाबांनी हातानेच विचारलं, काय झालं? नवरा त्यांच्या कानाशी ओरडला, "गरम व्हायला पाहिजे! व्हॉल्व्ह तापल्याशिवाय वाजत नाही!"

बाबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. घुमटाचं तेच असतं. पावसात कातडं सैल पडतं, मग आरतीआधी ते उन्हात नाहीतर चुलीपाशी धरून तापवायचं, तेव्हा कुठे आवाज सुटतो. "म्हणजे आमच्यातलोच तो," बाबा म्हणाले, आणि आपण होऊन त्या खोक्यावर तळहात ठेवला. नवऱ्याने तार छेडली. बाबा दचकले. मग हात तसाच ठेवून बराच वेळ बसले. "कळता," म्हणाले. "हातात कळता."

त्या वर्षी चवथीला नवऱ्याने शामेळाला, म्हणजे आरतीच्या त्या छोट्या नगाऱ्याला, माईक लावला आणि आवाज ॲम्प्लिफायरमधून सोडला. बाबा खोक्याला पाठ टेकून बसले आणि घुमट मांडीवर घेतलं. ताल पाठीतून आत आणि हातातून बाहेर. एक ठोका चुकला नाही. फक्त मध्ये कडवं संपून जरा शांतता झाली, की बाबा पटकन डोळे उघडून सगळ्यांची तोंडं बघायचे. मला वाटायचं, जुनी सवय. त्यानंतरच्या चवथीलाही तेच. वाड्यावर आमचा ॲम्प्लिफायर फार गाजला आणि नवऱ्याची कॉलर ताठ झाली. इतका महागाचा मेंदू, आणि काम काय, तर म्हाताऱ्याची पाठ हलवायची!

मग पेडण्याच्या पावसाने आपलं काम सुरू केलं. आमच्याकडे पावसात चपलेला बुरशी येते, मिठाचं पाणी होतं, कपाटातल्या साड्यांना वास येतो. ॲम्प्लिफायरला कोण सोडणार? आधी आवाज खोल गेला. मग मोबाइलशी बोलणं बंद झालं. नवऱ्याने नवा मोबाइल घेतला होता, त्यावर ते ॲपच चढेना. जुना मोबाइल शोधला, त्याची बॅटरी फुगलेली. एका आंधळ्याला दुसऱ्या आंधळ्याने रस्ता दाखवायचा, पण दुसरा आधीच खड्ड्यात. नवरा रोज संध्याकाळी खोकं उघडायचा, आत फुंकर मारायचा, परत बंद करायचा. वीज खात्यात असल्यामुळे तेवढा अनुभव त्याला होता.

बाबा हे सगळं सोप्यावर बसून बघत होते. श्रावण संपत आला होता. चवथ तोंडावर, आणि खोकं मुकं.

एका दुपारी नवरा कामावर होता. मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते, तर करपल्याचा वास आला. धावत आत गेले. न्हाणीत आंघोळीच्या पाण्याचं भाण तापत होतं आणि त्याच्या चुलीला चिकटून ॲम्प्लिफायर! बाबांनी तो गोणपाटावर घालून सोप्यावरून न्हाणीपर्यंत ओढत आणला होता. ह्या वयात. शेजारी पाट घेऊन बसले होते आणि खोकं मधूनमधून फिरवत होते, घुमट फिरवतात तसं, सगळीकडून सारखी धग लागावी म्हणून. एका बाजूची बटणं मेणासारखी वाकली होती. मला बघून म्हणाले, "थंड पडलेलो गे. आता बघ, कसो वाजता."

देवा रे! मला हसू आलं, आणि मी आधी ते खोकं चुलीपासून मागे ओढलं. तापल्याशिवाय वाजत नाही, हे त्यांना घरातल्याच माणसाने कानाशी ओरडून सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं. नेमकं तेवढंच ऐकू आलं होतं.

नवरा आला. बटण दाबलं. खोक्यावरचा छोटा पडदा काळा. परत दाबलं. त्याने वाकलेल्या बटणांकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता आत निघून गेला. तो उभ्या जागेवरून ओरडला असता तर बाबांना काही ऐकू आलं नसतं. पण तो गप्प राहिला, आणि ते मात्र त्यांना बरोबर समजलं. त्या दिवसापासून बाप-लेकाचं बोलणं बंद. बाबा ताट घेऊन आतल्या खोलीत जेवायला लागले. खुंटीवरचं घुमट त्यांनी स्वतःच्या हाताने कपड्यात गुंडाळलं आणि मला माळ्यावर ठेवायला लावलं. मी विचारलं, "चवथीला काढायचं ना?" तर हात झटकला. मला इतकी चीड आली दोघांची! एकाला मेंदू गेल्याचं दुःख, दुसऱ्याला तो आपण जाळल्याचं, आणि मधल्यामध्ये जेवायला वाढणारी मी.

नवऱ्याने कंपनीला ईमेल केला. उत्तर लगेच आलं, गोड भाषेत: ह्या उत्पादनाचं आयुष्य संपलं आहे, त्याचे सुटे भाग आता बनत नाहीत, आमचं नवीन उत्पादन जरूर बघावं. मी ते दोनदा वाचलं. आमच्या घुमटाचं आयुष्य कोणी असं ठरवून टाकलं असतं, तर पणजोबांच्या आधीच संपलं असतं. मग तो खोकं घेऊन पणजीला गेला. तिथल्या दुकानातल्या माणसाने झाकण न उघडताच सांगितलं, "बोर्ड बदलावा लागेल. बोर्ड मिळत नाही." म्हणजे औषध माहीत आहे, फक्त ते जगात नाही. आयुष्यभराची वस्तू परत बसमधून मांडीवर घेऊन आला.

शेवटी मीच म्हटलं, बाजारात मांडवाचे कर्णे दुरुस्त करणारा आहे, त्याला तरी दाखव. हा गृहस्थ बोलायला वस्ताद. आधी म्हणाला, ट्रान्सफॉर्मर गेला. तो गेला नव्हता. मग म्हणाला, फ्यूज. तोही धड होता. मग त्याने स्वतः काहीतरी जोडून बटण दाबलं, धाडकन आवाज झाला आणि दुकानाचीच वीज गेली. ती नवऱ्याने परत आणून दिली. वीज खात्याचा आमच्या घराला झालेला तो सगळ्यात मोठा उपयोग. मग दोघांनी मिळून खोकं पुरतं खोललं. आत पालीची अंडी होती. व्हॉल्व्ह अगदी ठणठणीत, काचेला नुसती धूळ. आणि तो कॉम्प्युटरचा बोर्ड हिरवा पडला होता, खारट हवेने आणि ओलीने कधीचाच खाल्लेला. "हे आजचं नाही," कर्णेवाला म्हणाला. "दोन पावसाळे सडतंय. चुलीने काय, नुसती बटणं वाकवली."

नवरा वाकलेल्या बटणांवरून बोट फिरवत राहिला. मी बोलले. घरी येताक्षणी बाबांच्या कानाशी जाऊन ओरडले, "तुमच्यामुळे नाही बिघडला! आधीच सडला होता!" बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरी गे तू. माझ्यासाठी फट मारतंस." फट म्हणजे थाप. आता ह्याला काय म्हणावं? एकदा खरं सांगायला गेले, तर ते खोटं ठरलं.

मेंदूला औषध नाही म्हटल्यावर कर्णेवाल्याने तो उपटूनच टाकला. एका मोडक्या कर्ण्याच्या मशीनमधला एक तुकडा मध्ये बसवला आणि तिथून थेट व्हॉल्व्हला तार. ढीगभर आवाजांपैकी एक उरला. बटणही एकच, वाकलेलं. वाजायला लागलं, पण सतत एक घूंऽऽ, भुंगा डब्यात कोंडल्यासारखी. थांबेचना. "ती राहणारच," कर्णेवाला म्हणाला आणि वर म्हणाला, "मशीन जिवंत असल्याची खूण आहे." नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. चवथीला चार माणसांत हे लावायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

चवथीच्या दिवशी माटोळी बांधून झाली, वर फळं-फुलं लटकली, गणपती बसला, संध्याकाळी वाड्यावरची मंडळी जमली. ॲम्प्लिफायर कोपऱ्यात चादरीखाली. बाबा आत, दार लोटून. मंडळींनी विचारलं, घुमट कोण वाजवणार? नवरा जनेलातून बाहेर बघायला लागला. मला राहवलं नाही. सरळ माळ्यावर चढले, घुमट काढलं, कपडा सोडला. कातडं सैल पडलेलं. मग आत गेले, बाबांच्या मांडीवर ते ठेवलं आणि त्यांना ओढतच बाहेर आणलं. त्यांनी कोपऱ्यातल्या चादरीकडे बघितलं आणि पाय मागे घेतला.

तेव्हा नवरा हलला. आला, बाबांच्या हातातलं घुमट घेतलं आणि न्हाणीत गेला. चुलीपाशी पाटावर बसला आणि ते सगळीकडून फिरवत तापवत राहिला. घुमटाला हात न लावणारा गिटारवाला! मंडळी थांबून राहिली. परत येऊन त्याने घुमट बाबांना दिलं, चादर ओढून टाकली, शामेळाला माईक लावला आणि ते वाकलेलं बटण दाबलं. घूंऽऽ सुरू झाली. बाबांनी खोक्यावर तळहात ठेवला.

"तापलो?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याने मान हलवली.

बाबा पाठ टेकून बसले आणि आरती सुरू झाली. मी तोंडाने म्हणत होते, पण डोळे त्यांच्यावर होते. पहिलं कडवं संपलं, शांतता झाली, तिच्यात ती घूं लाजेने मरावं इतकी मोठी ऐकू येत होती. बाबांनी डोळे उघडले नाहीत. दुसरं कडवं, तिसरं. शेवटचा ठोका पडला, सगळे थांबले, आणि त्याच क्षणी बाबांचा हातही कातड्यावर थांबला. डोळे मिटलेलेच.

नवरा घाईघाईने घूं बंद करायला वाकला. बाबांनी त्याचा हात धरला.

"राव दी, बंद करू नको," ते म्हणाले. "आदी हो डबो मदीच मरायचो. माका वाटायचां, सगळी मंडळी गेली."