हरीच्या आयचं नाव

सकाळी वर्तकनगरहून निघाले तेव्हा पिशवीत एक वही, दोन पेनं आणि सुनेनं बळेच कोंबलेली पाण्याची बाटली होती. मी काही मोठी अभ्यासक नव्हे हो. सातवीनंतर शाळा सुटली. पण म्हातारपणी एक नाद लागलाय, आपल्या ठाण्या-कल्याणकडच्या जुन्या बायकांची माहिती गोळा करायचा. जमिनीचे कागद बघितले, देवळांतल्या पाट्या बघितल्या. सगळीकडे पुरुष. बाई असलीच तर अमक्याची विधवा, तमक्याची आई.

माझी मासळीवाली नंदा हसायची. "काकू, कागदान काय बघता? माझे पोरीचे हलदीला या. आमची धवलारीन नावां घेते, ती लिवा."

धवलारीण म्हणजे धवले (लग्नविधीची गाणी) म्हणणारी बाई. आगरी घरांत पूर्वी लग्न तीच लावायची. नंदाच्या घरची रीत अशी, की हळद लावण्याआधी धवलारीण त्या घरातल्या गेलेल्या बायकांना एकेकीचं नाव घेऊन आवतण देते. एकही नाव गाळायचं नाही. हे ऐकून मी घरी बसणं शक्यच नव्हतं.

डोंबिवलीपर्यंत बस, पुढे रिक्षा. ठाकुर्ली मागे पडली तरी टॉवर काही संपेनात. मग रस्ता एकदम खाली उतरला आणि समोर खाडी! ओहोटी होती. चिखल असा चमकत होता की डोळे मिटावेत, आणि त्यावर पांढरे बगळे अगदी निवांत.

गावात दोन मांडव होते. मी अर्थातच चुकीच्यात शिरले, खुर्चीवर बसले, कोकम सरबत प्याले. एका बाईनं विचारलं, "तुमी नवऱ्याच्या कोन?" तेव्हा कळलं. "कोणीच नाही गं," म्हणत उठले, तर ती म्हणते, "मंग आनखी एक ग्लास घ्या, पाव्हनी हाव ना!"

नंदाच्या मांडवात तिची लेक पाटावर बसलेली, वाटीत हळद कालवलेली. धवलारीण सोनाबाय एवढीशी, काटकुळी. डोळे मिटून तिनं सुरुवात केली आणि माझा पेन धरलेला हात क्षणभर तसाच राहिला. सूर नव्हे, हाकच ती. आंबिवलीहून आलेली राही, ये. खाडीपलीकडची ठकी, ये. माहेराचं गाव आणि नाव, एकामागून एक, कुठल्या कुठल्या काळातल्या बाया. मी इतकी वर्षं कागदांत शोधत होते आणि त्या इथे, एका म्हातारीच्या गळ्यात, सगळ्या जिवंत.

अन् सोनाबाय थांबली.

"पुढं हरीची आय."

हरी म्हणजे नंदाचे वारलेले सासरे. त्यांची आई गेल्यापासून घरातली लग्नं हॉलमध्ये उरकलेली, त्यामुळे हे नाव कधी घेतलंच गेलं नव्हतं.

"तिचा नाव सांगा," सोनाबाय म्हणाली.

नंदाच्या नवऱ्यानं डोकं खाजवलं. "आमी मोठी आयच बोलायचो."

"मोठी आय तर सगल्यांचीच असते."

"सोनाबाय, हरीची आय बोल ना. तिला कलंल की."

"कोनाची आय, कोनाची बायको, असा आवतन नसतं रं! नाव नाय घेतला तर ती दारान उभी रवेल. ती उभी असताना मी हलद लावू?"

कोणी काकाला फोन लावला, कोणी आतेला. कोणालाच माहीत नाही. डीजेवाला गाणी कधी लावू विचारायला आला, त्याला सोनाबायनं चहाला पिटाळलं. पाटावरच्या पोरीच्या डोळ्यांत पाणी. "आई, मी त्यांना बाहेर ठेवून नाय लावनार हलद." नंदा नुसती साडीचा पदर पिळत होती.

तेवढ्यात मागून, चुलीकडून आवाज आला, "भागू!"

तांदळाच्या भाकऱ्या थापणारी एक फार म्हातारी शेजारीण. हात पिठाचे. "भागू व्हती ती. मी तिचे मागं मिठागरान पाटी वाहिली."

मग तिनं सांगितलं. डोक्यावर मिठानं भरलेली पाटी, पायाखाली अरुंद बांध. मागे वळून बघता येत नाही. म्हणून मागची पुढचीला नावानं हाक मारायची, मी आलेय, थांबू नको. पुढची म्हणायची, "चाल गो!" तिथे आय नाही, वहिनी नाही, नुसतं नाव.

"भागू, ये," सोनाबायनं हाक दिली आणि पोरीला हळद लागली. मी रडत होते, कबूल करते.

वालाचं बिरडं आणि भाकरी खाऊन निघाले. रिक्षात वही उघडली. सगळी नावं नीट होती. आणि खाली माझ्याच अक्षरात, 'भाकऱ्या करणारी आजी.'

"रिक्षा फिरव बाबा. नाव विचारायचं राहिलं."

"कोनाचा, नवरीचा?" रिक्षावाला म्हणाला.

"नवरीचं पत्रिकेवर आहे रे!"

आजी अजून चुलीशीच होती. म्हणाली, "एकलीचा नको लिवू. आमी सा जनी व्हतो." पण मधलं एखादं नाव विचारलं तर तिला येईना. बांधावरून चालायच्या तशाच, पहिलीपासून, ओळीनं नावं आली. बायजा, कमली, जनी, पार्वती, भागू.

"आणि सहावी?"

"सावी मी. शेवटली. माझे मागं कोनी नव्हती, मना कोन हाक मारील?" हात पुसले, पदर सारखा केला. "हौसा. लिव."

मी लिहिलं, वाचून दाखवलं.

"आसा नाय गो, जोरान!"

मी तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले आणि मांडवातली माणसं वळून बघतील अशी ओरडले, "हौसा!"

चुलीकडे तोंड असलेली ती, मान न वळवता म्हणाली, "चाल गो!"

घरी पोचले तेव्हा सून दारातच होती. चहा पिता पिता मी तिला सहा नावं ओळीनं म्हणून दाखवली. इतकी वर्षं मला वाटायचं, मी या बायकांना शोधतेय. त्या दिवसापासून वाटतं, मी त्यांच्या रांगेत आहे, हौसाच्या मागे.