बिननावाच्या कंपनीचं मशीन

वेल्डिंग कसं होतं ते बघायला मी बायकोचा गॉगल लावून उभा राहिलो, ही गोष्ट आमच्या घरात आता माझ्या नावावर कायमची जमा आहे. गॉगल तिचा, काड्यांवर बारीक फुलं असलेला. स्कूटरही तिचीच, आणि गॉगल तिच्या डिकीत सापडलेला. मशीन विकणाऱ्या भियाने, इंदुरात सगळेच भिया, रॉड टेकवण्याआधी मला बजावलंही होतं, "बाबूजी, उधर मुँह कर लो." पण मशीन विकत घ्यायला आलेला माणूस तोंड फिरवून उभा राहिला, तर त्याने बघितलं काय? मी गॉगल नाकावर नीट बसवला आणि टक लावून बघत राहिलो. निळं, पांढरं, लखलखीत काहीतरी दिसलं. मी जाणकारासारखी मान हलवली.

मशीन अर्थातच माझ्यासाठी नव्हतं. मी कॉलेजच्या ऑफिसात बसणारा माणूस. भिंतीत खिळा ठोकायचा तरी आमच्याकडे दिवस ठरवावा लागतो. मशीन हवं होतं माझ्या धाकट्या भावाला. म्हणजे त्याने मागितलं नव्हतं. मी ठरवलं होतं.

आमचे आजोबा संस्थानाच्या कचेरीत होते, वडील सरकारी ऑफिसात, मी कॉलेजात. तीन पिढ्यांनी पेनापेक्षा जड काही उचललं नाही. हा एकटाच आयटीआयला गेला आणि वेल्डर झाला. वडिलांनी तेव्हा बरेच दिवस अबोला धरला होता. मग याने घराचं पुढचं फाटक स्वतः बनवलं. वडील तोंडाने काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी फिरून आले की फाटकाच्या जोडावरून अंगठा फिरवत. जोड कुठे आहे ते बोटाला कळायचं नाही. खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर पेनं आणि दौत मांडत, तर त्या वर्षी वडिलांनी स्वतः त्याचं ते वेल्डिंग करताना तोंडापुढे धरायचं काळ्या काचेचं शील्ड उचलून पेनांच्या शेजारी ठेवलं. त्याला हळदकुंकू लावताना त्यांचा चेहरा इतका गंभीर होता, की जावई म्हणून कुणाला पसंत करताहेत असं वाटावं.

त्या भावाचं सांवेर रोडवरच्या कारखान्यातलं काम मागच्या थंडीत सुटलं. "काम कमी आहे म्हणाले," एवढंच त्याने सांगितलं. त्याने लग्न केलं नाही, बडा गणपतीच्या मागच्या आमच्या घरात वरच्या खोलीत राहतो. आधी वाटलं, महिन्याभरात दुसरीकडे लागेल. हातात कसब असलेला माणूस इंदुरात रिकामा राहत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत होतो. पण तो कुठे जाईच ना. सकाळी खाली यायचा, पेपर उलटा-सुलटा करायचा, चहा घ्यायचा आणि वर जायचा. चहाच्या बाबतीत बायकोचा उघड पक्षपात होता. त्याला अर्धा कप, पण दोनदा. मला पूर्ण, पण एकदाच. मी एकदा हिशेब मांडून दाखवला की यात एखादा घोट त्याला जास्तच जातो. तिने माझ्याकडे बघितलं आणि पातेलं घासायला घेतलं.

कारखान्यातून निघताना त्याने फक्त शील्ड आणि एक छोटा हातोडा घरी आणला होता. बाकी सगळं कंपनीचं. गणपती गेले, पितृपक्ष लागला, आणि माझ्या मनात आलं, की यंदा पाटावर त्याचं काय ठेवणार? झालं. याला स्वतःचं मशीन घेऊन द्यायचं, पुढच्या ओट्यावर बसवायचं. शेजारच्यांना बाल्कनीची जाळी करायची होतीच, समोरच्या दुकानाला शटर. घरबसल्या काम येईल, माणूस पुन्हा माणसात येईल. बायकोला मी ही योजना सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "ते लावलं की आख्ख्या गल्लीचे दिवे लुकलुकतील. आणि भाऊजींना विचारलंत?"

विचारायचं काय? आमच्या घरात मोठ्याने आणायचं आणि धाकट्याने वापरायचं, ही रीत आहे. त्याची पहिली सायकल मी पसंत केली, पहिला स्वेटरही. दोन्ही त्याला मोठे होते. त्याने दोन्ही वापरले.

तर असा मी सांवेर रोडच्या एका आतल्या गल्लीत जाऊन ते मशीन बघून आलो. जुनं, तेलात बुडवलेलं ट्रान्सफॉर्मरवालं, चाकांवरचं, हिरव्या रंगाचं धूड. कंपनीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. अक्षरं मात्र एका नावाजलेल्या कंपनीसारखीच काढलेली, जणू दूरचा नातेवाईक. मोबाइलवर एक व्हिडिओ बघून मी एवढंच शिकून गेलो होतो, की आतलं वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, तांब्याची आहे का ते विचारायचं.

"ताँबा है?" मी विचारलं.

"सौ टका, बाबूजी. एल्युमिनियम निकले तो मशीन भी आपकी, दुकान भी आपकी."

मी पत्र्यावर बोटाने टकटक केली. टरबूज घेताना करतो तशी. आवाज मला पसंत पडला. त्याने एका लोखंडी पट्टीवर जोड मारून दाखवला, वेणी घातल्यासारखा, आणि तेव्हाच तो गॉगलचा प्रकार झाला. नवं, हलकं इन्व्हर्टरवालं मशीन घेतलं म्हणून तो हे विकून टाकत होता. "अष्टमी तक रख लूँगा आपके लिए," म्हणाला.

जेवताना माझ्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. मग वाळूची खडी झाली. पाणी थांबेना. बायको म्हणाली, "कांदा तर मी चिरलाय." भावाने पान बाजूला सारलं, माझी हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला आणि म्हणाला, "दादा, तू वेल्डिंग बघितलंस."

"गॉगल लावला होता," मी म्हणालो.

"कुठला?"

बायकोने आतून गॉगल आणून दाखवला. माझा भाऊ हसला. कित्येक महिन्यांनी हसला, आणि असा, की शेवटी भिंतीला टेकून बसला. मला काही दिसत नव्हतं, पण आवाज ऐकत होतो. बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून मी पडून राहिलो. सकाळी डॉक्टरांनी थेंब दिले आणि वयाला शोभेल असं वागायला सांगितलं.

आता लपवण्यासारखं उरलंच नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं. मशीन, ओटा, शेजारची जाळी, खंडेनवमी. त्याने ऐकून घेतलं. "कशाला दादा," म्हणाला. मी म्हणालो, "अरे, तांब्याचं आहे." त्यावर पुन्हा थोडा हसला. मग म्हणाला, "माझ्या डोळ्यांनी बघू तरी दे आधी. तुझ्या डोळ्यांवर काय भरवसा?"

अष्टमीला सकाळी आम्ही गेलो. त्याने शील्ड बरोबर घेतलं होतं, पिशवीत, जुन्या टॉवेलात गुंडाळून. वाटेत तो बोलत होता. बाल्कनीच्या जाळीला कुठली पट्टी घ्यायची, शटरला कुठून माल येतो. मी स्कूटर चालवत मनात ओट्यावर मशीन मांडून मोकळाही झालो होतो.

दुकानात शिरल्यावर त्याची चालच बदलली. मशीनभोवती फिरला, केबल हातातून सोडत बघितली, झाकण उघडून तेल बघितलं. भियाने खुर्ची पुढे केली, ती न घेता तो उकिडवा बसला, शील्ड धरलं, मला म्हणाला, "दादा, तोंड तिकडे." मी लहान मुलासारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीवर देवीचं कॅलेंडर होतं.

मागे चटचट आवाज झाला आणि थांबला. रॉड पट्टीला चिकटला होता. तो झटका देऊन सोडवल्याचं ऐकू आलं. पुन्हा चटचट, पुन्हा चिकटला. मग एकदाचा सलग आवाज लागला, पण तो मध्येच वर जात होता, मध्येच खाली, खोकल्यासारखा. मग मशीनची नुसती घरघर राहिली. बराच वेळ.

"वळू का?" मी विचारलं.

म्हणता म्हणता मी वळलोही. तो हातोडीने जोडावरची खपली पाडत होता. पट्टीवर दोन जोड होते. एक भियाचा, मागच्या वेळचा, वेणीसारखा. शेजारी याचा. गोळे, खड्डे, मध्ये तुटलेला, वाट चुकलेल्या मुंग्यांसारखा. त्याने पट्टी खाली ठेवली. रॉड धरायचा होल्डर अजून त्याच्या उजव्या हातात होता, आणि होल्डरचं टोक हलत होतं. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. तरी हलत होतं.

"दादा," तो म्हणाला, "मशीन गेलेलं आहे. करंटच धरत नाही."

"क्या बात करते हो भिया!" दुकानवाला उसळला. "अभी सुबह मैंने पूरा दरवाज़ा..." आणि त्याचीही नजर त्या मनगटावर गेली. तो थांबला. खांद्यावरचं फडकं काढून त्याने मशीनचा पत्रा उगाच पुसला. "पुरानी है," मग म्हणाला, "कभी-कभी नी पकड़ती."

मी त्या हिरव्या धुडाकडे बघितलं. त्या क्षणी मला त्याचे फार उपकार वाटले. नावाजलेल्या कंपनीचं असतं तर आम्ही दोष कुणाला दिला असता? "असल्या बिननावाच्या कंपनीचं घ्यायलाच नको," मी मोठ्याने म्हणालो. "मला तर पहिल्याच दिवशी शंका आली होती. आवाजच बरोबर नव्हता."

"तू टरबूज समजून वाजवलं असशील," भाऊ म्हणाला. पण हसला नाही. त्याने शील्ड पुन्हा टॉवेलात गुंडाळलं, चारही बाजूंनी नीट दुमडून, लहान मुलाला थंडीत गुंडाळतात तसं.

परतताना तो मागे बसला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. स्कूटर सिग्नलला थांबली. तिचं इंजिन मी बंद केलं, तरी खांद्यावरची थरथर थांबली नाही. जाताना हे मला जाणवलं नव्हतं, किंवा मी रस्त्याच्या खड्ड्यांवर ढकललं असेल. जाळी, शटर, पट्टी, कशाबद्दलच आम्ही बोललो नाही. घर आल्यावर त्याने फाटक उघडलं, मला आत घेतलं, आणि लावताना त्याचा अंगठा सवयीने त्या जोडावरून फिरला. मग वर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पाटावर पेनं मांडली, स्कूटरची किल्ली, बायकोची कात्री, मुलीचा लॅपटॉप. शील्ड ठेवायला मी वर हाक मारणार होतो, तर तो स्वतःच घेऊन खाली आला. शील्ड ठेवलं, हातोडा ठेवला. हळदकुंकवाची कोयरी मी त्याच्यापुढे केली. "तूच लाव दादा," तो म्हणाला, "मोठ्याने लावायचं." मी लावलं. नैवेद्य झाला, आरती झाली. टाळ वाजवायला त्याने घेतले नाहीत. हात मागे बांधून उभा राहिला.

नंतर तो वर गेल्यावर मी स्वयंपाकघरात आलो. बायको चहा गाळत होती. मशीनचं काय झालं ते तिने अजून विचारलं नव्हतं, म्हणून मीच सांगायला लागलो. एकदम कंडम निघालं, करंट धरत नव्हतं, बिननावाची कंपनी, दुकानवाल्यानेही कबूल केलं, बरं झालं वेळेवर कळलं. मी चांगलं रंगवून सांगत होतो. भावाची लाज राखायची तर ती घरातही राखली पाहिजे, असं मला वाटत होतं. ती ऐकत होती. तिने माझा कप काठोकाठ भरला. मग त्याचा घेतला, अर्ध्यावर गाळणी थांबवली, आणि उरलेला चहा पातेल्यात झाकून ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "होळीपासून मी भाऊजींना अर्धाच कप देते. तो काय दूध वाचवायला?"