आवाजापुरती बंदूक

पंच्याऐंशीच्या सुमारास आम्ही चारकोपला राहायला गेलो, तेव्हा आमचा सेक्टर संपला की भातशेती सुरू व्हायची. शेताचा मालक गावठाणातला म्हातारा ख्रिस्ती. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. हाफ पॅन्ट, डोक्यावर जुनी हॅट, खांद्यावर परवान्याची ठासणीची बंदूक. भात पिकायला लागलं की उजाडताच पोपट उतरायचे आणि हा आभाळाकडे नळी करून बार काढायचा. आधी छातीवर क्रूस करायचा, मगच घोडा ओढायचा.

सोसायटीतली मुलं दचकून उठायची. तक्रार करायचं ठरलं. त्याआधी एकदा सांगून बघायला मला पाठवलं, कारण मला नाही म्हणता येत नाही.

"अंकल, बंदुकीला सायलेन्सर लावा ना."

तो दमल्यासारखा बांधावर बसला. "चौकीत विचारून आलो रे. कायद्यात ती नळी पण बंदूकच धरतात. वेगळा परवाना लागतो, तो आपल्याला कोण देतो? तशीच लावली तर आत टाकतील." त्याने हॅट काढून कपाळ पुसलं. "आणि लावून करू काय? हिच्यात नुसती दारू भरतो, छर्रा नाही. पोपट आवाजालाच भितात."

मी हे सगळं सोसायटीत सांगितलं. तरी अर्ज गेला. बंदूक चौकीत जमा झाली. त्या वर्षी पोपटांनी भात खाल्लं, पुढच्या वर्षी त्याने शेत विकलं.

मग तिथे इमारत उठायला लागली. उजाडताच काँक्रीटचं मशीन सुरू व्हायचं, ते अंधार पडेपर्यंत खडखडायचं. मुलं दचकून उठायची. अर्जाचं नाव कुणी काढलं नाही.